वाचकांचे प्रश्न : उताऱ्यावर तिचं नाव

या खेपेला खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागातून आलेली पत्रं जवळजवळ एकाच विषयावर आहेत: शेतजमीन आणि बाईचं नाव. उत्तरांकडं वळण्याआधी एक खुलासा. आपल्याकडं व्हॉट्सअॅपवर फिरणारी जमिनीची माहिती बहुतेक करून महाराष्ट्राच्या सातबाऱ्याची असते. वारसांत कुणाला किती, हे हिंदू वारसा कायद्यानं ठरतं आणि तो दोन्हीकडं एकच आहे. पण नोंद कुणाकडं करायची, कशी करायची, दाद कुठं मागायची, हे जमीन ज्या राज्यात आहे तिथल्या कायद्यानं चालतं. बेळगाव जिल्ह्यातल्या जमिनीला १९६४ चा कर्नाटक भूमहसूल कायदा लागू, मग लेक कोल्हापुरात नांदत असो की चंदगडात.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी माझे पती वारले. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे आणि त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. दीर म्हणतात, "आधी सगळं माझ्या नावावर करून घेतो, मग तुझं बघू." मला दोन लहान मुली आहेत. काय करावं? (एक भगिनी, हुक्केरी तालुका)

उत्तर : ताई, नोंद एकदा एका नावावर गेली की "मग" म्हणजे कोर्टाच्या तारखा. तुमचं नाव आत्ता, याच वर्दीत (वारसनोंदीच्या अर्जात) लागलं पाहिजे.

प्रथम नाडकचेरीतून (तहसीलदारांच्या हाताखालची, गावगटाची महसूल कचेरी) ताजा उतारा काढा. आरटीसी म्हणा, पहाणी म्हणा, कागद तोच. तो कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला शेजारी बसवा. नऊ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, क्षेत्र आणि खाते नंबर असतो. क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं तीन आकड्यांत लिहितात: ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. दहाव्या रकान्यात ती मालकी कोणत्या फेरफारानं आली त्याचा नंबर. अकराव्यात बोजा, कोर्टाचे हुकूम आणि इतर हक्क. बाराव्यात कोण कसतं आणि पीक काय. बाराव्या रकान्यात दिरांचं नाव दिसलं तर घाबरू नका, ती मालकी नव्हे.

सासऱ्यांच्या नावावर असलेले सगळे सर्वे नंबर आणि त्यांचे हिस्से एका कागदावर मांडा. माळाचा एखादा तुकडा, ओढ्याकडची मळी किंवा शेजारच्या गावातली जमीन हमखास राहून जाते, आणि राहिलेल्या तुकड्यावरच पुढं भांडण पेटतं. दुसऱ्या तालुक्यातल्या जमिनीसाठी अर्ज तिकडंच द्यावा लागतो.

तुमच्या प्रकरणात खरी मेख वंशावळीत आहे. सासरे वारले तेव्हा तुमचे पती हयात होते, म्हणजे त्यांचा वाटा तेव्हाच त्यांचा झाला. ते गेल्यावर तो वाटा तुम्ही, दोन्ही मुली आणि सासूबाई हयात असतील तर त्या, अशांत समान वाटला जातो. म्हणून वंशावळीत दोन्ही मृत्यू, तारखांसकट, क्रमानं यायला हवेत. "मयताचे वारस : एक मुलगा" असा आखूड कागद झाला की तुमची शाखाच झाडावरून उतरली. वंशावळ नाडकचेरीत अर्ज आणि प्रतिज्ञापत्र देऊन मिळते. तलाठी गावात चौकशी करून महजर (पंचनामा) करतात. त्या दिवशी घरी थांबा आणि महजर वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

वंशावळीत नणंदांची नावंही घाला. स्वतःच्या नावासाठी झगडणारी सूनसुद्धा "त्या दिल्या घरी सुखी आहेत" म्हणत नणंदेला वगळायला पटकन तयार होते. त्यात न्याय नाही, आणि फायदाही नाही: वगळलेल्या वारसानं प्रांतांकडं (उपविभागाच्या महसूल अधिकाऱ्याकडं) अपील केलं की सगळी नोंद उलटते, तुमच्यासकट.

अर्जासोबत दोन्ही मृत्यूचे दाखले, वंशावळ, सगळे उतारे आणि वारसांची आधारकार्डं लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलेलं असेल तर वरच्या अधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो, त्यामुळं सासऱ्यांचा दाखला हाताशी आहे का ते आधी बघा. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असं कायदा म्हणतो, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

मुली अज्ञान असल्यानं त्यांच्या नावापुढं अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून तुमचं नाव येईल. "मुली लहान आहेत, त्यांची नावं कशाला?" असं कुणी म्हणेल. मुलींचा वाटा वेगळा झाला की तो कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणूनच ही नावं खुपतात.

नावाच्या अक्षरांवरही लक्ष ठेवा. उताऱ्यात "शांता कोम मारुती" (कोम म्हणजे अमक्याची बायको), आधारवर "शांताबाई मारुती" आणि पासबुकात माहेरचं नाव, अशा तीन बायका कागदावर तयार होतात. मग फ्रुट्स आयडी (सरकारी योजनांसाठीचा शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक) अडकतो, आणि तो अडकला की बियाण्याची सवलत, पीकविमा, नुकसानभरपाई सगळंच अडकतं. वर्दीच्या अर्जात आधारवरचंच नाव द्या आणि कन्नडात ते कसं टाइप झालंय ते मंजुरीच्या आधी तपासा. आता वारसांच्या मोबाइलवर ओटीपी मागवून संमती घेतली जाते. पडद्यावर कुणाकुणाची नावं आहेत हे बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. तो आजचा अंगठा आहे.

दिरांनी परस्पर वर्दी दिलेली असेल तर नोटिशीच्या मुदतीतच तहसीलदार कचेरीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की नोंद तक्रारी होते, सर्कलना (महसूल निरीक्षकांना) ती तशीच मंजूर करता येत नाही. मंजूर होऊन गेली असेल तर भूमहसूल कायद्याच्या कलम १३६ खाली प्रांतांकडं अपील, मुदत हुकूम कळल्यापासून ६० दिवस.

प्रश्न : आम्ही दोन भाऊ, एक बहीण. बहिणीचं लग्न १९८९ मध्ये झालं. वडील २००१ मध्ये वारले, आई आहे. वडिलार्जित चार एकर. गावातले जाणते सांगतात, "चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्या मुलीला हक्क नाही." खरं काय? (एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : जाणते सांगतात ते कधीकाळी खरं होतं. कर्नाटकनं मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला तो ३० जुलै १९९४ पासून, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. पण त्यात त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, तिच्यात लग्नाची अट नाही. पुढं प्रश्न उरला, त्या तारखेला वडील जिवंत हवेत का? फुलावतीचा जो खटला त्यावर सर्वोच्च न्यायालयात गाजला, तो १९९२ मध्ये बेळगावच्याच दिवाणी कोर्टात दाखल झाला होता. २०१५ च्या त्या निकालात "वडील हयात हवेत" असं ठरलं. मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते मोडीत काढलं. मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील आधी गेले तरी आहे. तेव्हा १९८९ चं लग्न आणि २००१ चा मृत्यू, दोन्ही आड येत नाहीत.

हिशेब गुंठ्यांत मांडू. चार एकर म्हणजे १६० गुंठे. वडिलांच्या मृत्यूआधी क्षणभर वाटणी झाली असं कायदा मानतो: वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी, असे पाच वाटे, प्रत्येकी ३२ गुंठे. वडिलांचे ३२ गुंठे चौघा वारसांत, म्हणजे ८-८. बहिणीचे झाले ३२ अधिक ८, एकूण ४० गुंठे. पुरता एक एकर. आईलाही एक एकर, तुम्हा भावांनाही तेवढाच.

जुन्या पद्धतीनं बहिणीला काय मिळालं असतं? वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे ४० गुंठ्यांचे, आणि वडिलांच्या ४० मधला चौथा हिस्सा बहिणीला: १० गुंठे. गावातल्या बैठकीत "बहिणीला दहा-बारा गुंठे देऊन मिटवू" असा जो आकडा निघतो, तो याच जुन्या हिशेबाचा.

जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली आणि मृत्युपत्र नसेल तर? चौघे वारस, चार एकर, पुन्हा एकेक एकर. वडिलार्जित की स्वकष्टार्जित यावर महिनोन् महिने वाद घालणाऱ्यांनी आधी ही बेरीज करून बघावी. फरक पडतो तो मृत्युपत्र असलं तर: स्वकष्टाची सगळी जमीन कुणालाही देता येते, वडिलार्जितातला फक्त स्वतःचा वाटा.

एकच आडकाठी. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तर ती वाटणी मोडत नाही. "तोंडी वाटणी झाली होती" एवढं पुरत नाही. त्या काळचे फेरफार, वेगळे उतारे असा सरकारी पुरावा लागतो, आणि तोही कोर्ट फार कसून तपासतं. तुमच्या पत्रात अशा वाटणीचा उल्लेख नाही. तेव्हा बहिणीचा एक एकर उभा आहे.

प्रश्न : भाऊ म्हणतो, तहसीलदार कचेरीत ये, एका कागदावर सही कर, फक्त नाव कमी करायचंय. नाही म्हटलं तर माहेर तुटेल. सही केली तर हक्क जातो का? (एक भगिनी, माहेर खानापूर तालुका, सासर चंदगड)

उत्तर : कागद कोणता यावर सगळं आहे. तलाठ्यापुढं दिलेला "माझी हरकत नाही" असा जबाब मालकी संपवत नाही. नोंदीनं मालकी येत नाही, जातही नाही. मात्र उताऱ्यावर फक्त भावाचं नाव दिसलं की त्याला जमीन विकता येते, तारण ठेवता येते, आणि तुम्हाला कोर्टाचं दार गाठावं लागतं. उलट सबरजिस्ट्रारकडं नोंदलेलं हक्कसोडपत्र झालं की हक्क खराच गेला. फसवणूक झाली म्हणून ते रद्द करून घ्यायला, कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि शिकल्यासवरल्या बाईनं "मला वाचून दाखवलं नाही" म्हटलेलं कोर्टाला सहसा पटत नाही.

तेव्हा कचेरी तहसीलदारांची की सबरजिस्ट्रारची, हे आधी विचारा. फोटो आणि बोटांचे ठसे घेतायत, दोन साक्षीदार उभे आहेत, तर ते सबरजिस्ट्रार ऑफिस. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. कन्नडात असेल तर स्वतःच्या माणसाकडून वाचून घ्या, भावाच्या वकिलाकडून नको.

खुशीनं सोडायचंच असेल तर सगळं सोडायची गरज नाही. कोणते सर्वे नंबर सोडले ते नेमके लिहा. "माझा सर्व मिळकतीतील हक्क" हे वाक्य काढायला लावा, त्यात उद्या धरणात किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाईही जाते. पैसे ठरले असतील तर आकडा आणि चेक नंबर कागदात यावा. आणि कुणाच्या नावे सोडता ते बघा: आईच्या नावे सोडलेला वाटा आईच्या पश्चात पुन्हा तुमच्याकडंही येऊ शकतो, भावाच्या नावे सोडलेला येत नाही.

तिसरा मार्गही आहे, आणि आमच्या मते माहेर टिकवायचं असेल तर तोच बरा: नाव राहू द्या, शेत भाऊ कसू दे. सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीनं असतो. भावानं वीस वर्षं भात पिकवला म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही. तो "तुझा काही संबंध नाही" असं उघड म्हणाला, तर मात्र बारा वर्षांची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. तेव्हा गप्प बसू नका.

प्रश्न : महाराष्ट्रात नवरा साधा अर्ज देऊन बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावू शकतो असं ऐकलं. मला माझ्या पत्नीचं नाव लावायचंय. बेळगाव तालुक्यात हे होईल का? (एक वाचक)

उत्तर : तिकडची ती लक्ष्मी मुक्ती योजना, १९९२ ची. इकडं नुसत्या अर्जावर होत नाही. इकडं नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं लागतं. पत्नीच्या नावे बक्षीस असल्यास बाजारभावावर टक्केवारीनं मुद्रांक न लागता ठरावीक रक्कम लागते. सध्याचा दर सबरजिस्ट्रार ऑफिसात विचारून घ्या.

बहुतेकांची फेरी तीन ठिकाणी वाया जाते. जमीन वडिलार्जित आणि भावांत एकत्र असेल तर न वाटलेला हिस्सा बक्षीस देता येत नाही, म्हणून आधी नोंदणीकृत वाटणी. एका सर्वे नंबरातला तुकडाच द्यायचा असेल तर आधी ११ई नकाशा: नाडकचेरीतून मोजणीचा अर्ज, सर्वेअर येऊन तुकडा मोजतो, नकाशा मंजूर होतो. तो नसेल तर कागद नोंदला जात नाही. सर्वेअरची वाट बघण्यातच जास्त दिवस जातात, त्यामुळं मुद्रांक आधी घेऊन ठेवू नका. तिसरं, अकराव्या रकान्यात सोसायटीचा बोजा असेल तर कर्ज फेडून तो कमी करून घ्या किंवा सोसायटीची लेखी ना-हरकत आणा.

कागद नोंदला की तो कावेरीतून (नोंदणी खात्याची संगणक प्रणाली) भूमीत (उताऱ्यांची संगणक प्रणाली) आपोआप जातो आणि फेरफार सुरू होतो. तरी महिन्याभरानं उतारा काढून बघा. नऊ नंबरला पत्नीच्या नावासमोर क्षेत्राचा आकडा स्वतंत्र यायला हवा. दोन्ही नावांना मिळून एकच आकडा असेल तर ते जंटी, म्हणजे सामाईक खातं झालं, आणि पुढं कर्जाला, ऊसनोंदीला दोघांच्या सह्या लागतात.

सगळी जमीन एकदम पत्नीच्या नावे करू नका, असा सल्ला देऊ. १ फेब्रुवारी २०१९ नंतर बक्षिसानं किंवा खरेदीनं आलेल्या जमिनीवर पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये मिळायला अडचण येते. वारसानं आलेल्या जमिनीला ती अट नाही. काही गुंठे तुमच्या नावे राहू द्या.

प्रश्न : आईला तिच्या दिरांनी १९७० च्या सुमारास दोन एकर "हयातीपुरती, पोटगीसाठी" लिहून दिली. आता चुलतभाऊ म्हणतात, तिच्यानंतर जमीन आमची. (एक भगिनी, निपाणी भाग)

उत्तर : बहुधा नाही. विधवेचा एकत्र कुटुंबाकडून पोटगीचा हक्क मुळातच होता. त्या हक्कापोटी दिलेली जमीन, कागदात "हयातीपुरती" असं लिहिलेलं असलं तरी, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४(१) नं तिच्या पूर्ण मालकीची होते. सर्वोच्च न्यायालयानं तुळसम्मा खटल्यात १९७७ मध्ये हे ठरवलं. कागदात "पोटगीपोटी" हा शब्द आहे ना, ते बघा, दाव्याची भिस्त त्यावर आहे. आई हयात असेल तर तिनं नोंदणीकृत मृत्युपत्र आत्ताच करावं. त्यापूर्वी तालुका रेकॉर्ड रूममधून त्या काळचा हातानं लिहिलेला उतारा आणि फेरफार यांच्या नकला काढून ठेवा.

प्रश्न : खानापूरच्या जंगलपट्ट्यात आमची शेती वनखात्याच्या जागेत आहे, उतारा नाहीच. पट्टा मिळताना माझं नाव येईल का? (एक भगिनी)

उत्तर : यायलाच हवं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे विवाहित असल्यास पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे, आणि घरची कर्ती एकटी बाई असेल तर तिच्या नावे. दावा नमुना अ मध्ये, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडं. त्या समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा कब्जा हवा. अनुसूचित जमातीच्या नसलेल्या कुटुंबांना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि दावे फेटाळले जातात ते बहुतेक इथंच. जुनी शिरगणती, मतदारयादी, देवस्थानाची नोंद, गावातल्या वृद्धांचा जबाब, जे असेल ते जोडा. जास्तीत जास्त चार हेक्टर, प्रत्यक्ष कसत असलेलीच. हा पट्टा वारसानं जातो, विकता येत नाही.

थोडक्यात

*आम्ही जैन आहोत, हा हिंदू वारसा कायदा आम्हाला लागतो का?* लागतो. लिंगायत, बौद्ध, शीख यांनाही. मुस्लिम कुटुंबात मुलीला मुलाच्या निम्मा आणि मुलं असताना विधवेला आठवा हिस्सा. ख्रिस्ती कुटुंबात विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत समान.

*पुनर्विवाह केला तर पहिल्या पतीकडून आलेली जमीन परत जाते का?* वारसानं एकदा तुमची झाली ती तुमचीच.

*भावानं गिऱ्हाईक आणलंय, विसार झालाय म्हणे.* आजच ईसी (जमिनीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला) काढा, म्हणजे काही कागद नोंदला गेलाय का ते कळेल. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा आणि सोबत मनाई हुकमाचा अर्ज द्या. हुकूम मिळाला की त्याची नक्कल तहसीलदारांकडं देऊन अकराव्या रकान्यात चढवून घ्या, नाहीतर गिऱ्हाईकाला तो दिसतच नाही. वकिलाच्या फीची अडचण असेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका कायदा सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. अर्ज साध्या कागदावर चालतो. आधार, उतारा आणि वंशावळ सोबत न्या.